ब तुकडीला वाचू देण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
शाळा-विद्यापीठ भागीदारी कक्ष (प्राथमिक),
भाईंदर (पश्चिम).

मार्फत : मा. मुख्याध्यापिका, खाजणपाडा प्राथमिक मराठी शाळा, मुर्धा.
(शिफारस नाही. हरकतही नाही.)

विषय : इयत्ता तिसरी, ब तुकडीतील मुलांना, ते शक्य नसल्यास निदान एका मुलीला, वाचण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) शाळा, विद्यापीठ व आपला कक्ष यांच्यातील करारनामा, परिशिष्ट 'क'.
२) मला आपल्या हस्ते मिळालेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

मी उपरोक्त शाळेत सहशिक्षिका असून इयत्ता तिसरीची ब तुकडी माझ्याकडे आहे. हा अर्ज मी शाळा सुटल्यावर, मुलांच्या बाकावर बसून लिहीत आहे. मुख्याध्यापिका मनोरमा भोईर मॅडम यांनी तो वाचून पाहिला, "पाठवा बाई, पण मला निवृत्तीपर्यंत शांतता हवी आहे," असे सांगितले आणि वर कंसात दिलेला शेरा मारला. त्यांच्यावर माझा राग नाही. राग नक्की कोणावर काढावा, हे शोधण्याचा मी बरेच महिने प्रयत्न केला. योग्य व्यक्ती सापडली नाही, म्हणून हा अर्ज आपणास सादर करीत आहे.

चालू शैक्षणिक वर्षाच्या आरंभी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाने आमच्या शाळेशी भागीदारी केली. मुलांना वाचायला शिकवण्याची एक नवी पद्धत त्यांनी तयार केली असून ती कितपत उपयोगी पडते, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी तिसरीच्या मुलांचे दोन गट करण्यात आले. अ तुकडीला नवी पद्धत, चित्रकार्डे, गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट आणि प्रशिक्षण घेतलेल्या बाई मिळाल्या. ब तुकडी हा तुलना गट ठरला. म्हणजे तिला नवीन काहीही द्यायचे नाही, जेणेकरून वर्षअखेरीस दोहोंमधला फरक मोजता येईल. कोणते मूल कुठे जाणार, हे पालकांसमोर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरले. त्यात काडीचीही लबाडी झाली नाही. डबा मीच हलवला होता. संशोधन असेच करावे लागते, हे मला डी.एड.ला शिकवले आहे आणि ते पटतेही. कोणी वाईट हेतूने वागले असते, तर हा अर्ज लिहिणे पुष्कळ सोपे गेले असते.

करारनाम्यात ब तुकडीसाठी एकच अट आहे : 'या वर्गातील अध्यापन नेहमीच्या पद्धतीनेच चालू राहील.' ही अट वाचून मला हायसे वाटले होते. ही सगळी मुले दुसरीला माझ्याचकडे होती आणि माझी एक नेहमीची पद्धत होती. रोज प्रत्येक मुलाने घरून एक शब्द आणायचा. कोणी बोंबील आणी, कोणी टेम्पो, कोणी आत्या, एकाने महिनाभर फक्त क्रिकेटपटूंची नावे आणली. मी ते शब्द फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी आधी आपला, मग शेजारच्याचा शब्द शोधून वाचायचा. घरून आणलेला शब्द मूल गर्दीतही ओळखते, जशी देवळाबाहेर आपली चप्पल ओळखावी. यात माझी हुशारी काही नाही. माझ्या लहानपणी आमच्या बाई असेच शिकवायच्या. ही पद्धत मंद आहे, पण तिने मुले वाचू लागतात.

तथापि, नेहमीची पद्धत कोणती हे ठरवण्यासाठी विद्यापीठाच्या संशोधन सहायक नेहाताई जुलै महिन्यात वर्गाचे निरीक्षण करण्यास आल्या, तेव्हा मी वर्गात नव्हते. मतदार यादीच्या कामावर माझी नेमणूक झाली होती आणि मी वरसाव्याकडच्या इमारतींमध्ये जिने चढून, कोण भाडेकरू सोडून गेला आणि कोण वारले, हे विचारत फिरत होते. माझ्या वर्गावर शाळेच्या सेविका कांताबाई बसत. त्या मुलांना मायेने सांभाळतात, पण त्यांचे काम सांभाळण्याचेच आहे. हाताची घडी, तोंडावर बोट, आणि मी फळ्यावर लिहून ठेवलेली बाराखडी पुन्हा पुन्हा उतरवून काढायची. नेहाताईंनी जे दिसले ते प्रामाणिकपणे टिपून घेतले. तेच पुढे परिशिष्ट 'क' झाले. त्यानुसार तिसरी ब ची नेहमीची पद्धत अशी आहे : 'शिक्षिका वर्गात नसते. मुले फळ्यावरील मजकूर उतरवून घेतात. वाचन घेतले जात नाही.'

मी परत आले तोवर परिशिष्टावर सर्व सह्या झाल्या होत्या. मी वर्गात शब्द मागायला सुरुवात केली, तेव्हा नेहाताईंनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितले की, हे परिशिष्टात नाही, त्यामुळे हा बाहेरचा हस्तक्षेप ठरतो. मी याच वर्गाची शिक्षिका आहे, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, मला समजतंय, खरंच. पण बेसलाइनला, त्या पहिल्या निरीक्षणाला, तुम्ही नव्हता ना. आता चेंज केलं तर सरांची अख्खी स्टडी बाद होते." त्यांचा चेहरा उतरला होता. त्याही कंत्राटावर आहेत. शाळेने याबाबत आपल्या कक्षाचे मार्गदर्शन मागवले असता 'परिशिष्टानुसार कार्यवाही करावी' असे उत्तर प्राप्त झाले. तेव्हापासून मी वर्गात असते, परंतु परिशिष्टानुसार नसते. काही मुले त्यानंतरही शब्द आणत राहिली. दारातून आत येताना माझ्या कानाशी हळूच "बाई, कालवं" किंवा "बाई, झोमॅटो" असे सांगून जागेवर जाऊन बसत. मी नुसती मान हलवायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेही थांबले.

येथे शाळेच्या जागेविषयी सांगणे आवश्यक आहे. अ आणि ब या एकाच मोठ्या खोलीत बसतात, मध्ये प्लायवूडचे पार्टिशन आहे. पलीकडे अ तुकडीच्या बाई वाचनाची गाणी घेऊ लागल्या की अलीकडे माझी मुले बाराखडी उतरवता उतरवता तीच गाणी गुणगुणत. ही गोष्ट निरीक्षणात आल्यावर, अ च्या वाचनाच्या तासाला ब तुकडी मैदानात नेऊन बसवावी, अशी सूचना झाली. मैदानासमोर नवीन टॉवरचे काम चालू आहे आणि कुंपणाच्या पत्र्यावर मोठमोठी अक्षरे आहेत. मुले 'मॉडर्न किचन' आणि 'सावधान, काम चालू आहे' एकमेकांच्या मदतीने अक्षर लावून वाचू लागली. मी त्यांना थांबवले नाही आणि ते दिसून आले. यावर अशी सूचना मिळाली की, ब तुकडीस रस्त्याकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून बसवावे, कारण त्या दिशेला काहीही लिहिलेले नाही. मी त्याप्रमाणे बसवले. ऊन समोरून येते, मुले डोळे बारीक करून बसतात. मी त्यांच्याबरोबर बसते.

या सर्व प्रकाराला संशोधनाच्या अहवालात 'गळती' असे म्हटले आहे. अ तुकडीला शिकवलेले ब तुकडीपर्यंत झिरपले, तर मोजमाप चुकते. माझ्या वर्गाची अवस्था आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी झाली आहे. मी शिकवायचे नाही आणि दुसऱ्याकडून त्यांनी शिकायचेही नाही.

आता ज्या कारणाने हा अर्ज करीत आहे, त्याकडे येते. मुर्धा गावातील लवू गावंड व स्वाती गावंड यांना जुळी मुले आहेत. चिठ्ठ्यांमध्ये मुलगा दिपेश अ तुकडीत गेला आणि मुलगी दिव्या ब मध्ये, माझ्याकडे आली. दिव्या ही दुसरीत अक्षरांना घाबरणारी मुलगी. पाठ करून म्हणायची, पण बोट दुसऱ्याच ओळीवर. दिपेश संध्याकाळी घरी जाऊन, ओटल्यावर शाळा मांडून, तिला दिवसभराचे सगळे शिकवतो, असे गळतीच्या तपासणीत आढळून आले. त्यावरून मी पालकांची समक्ष भेट घ्यावी आणि 'भावाने बहिणीस अभ्यास शिकवू नये' अशा आशयाचे हमीपत्र घ्यावे, असे मला कळविण्यात आले.

मी गेले. जायला नको होते, पण मी सरकारी माणूस आहे आणि मला नाही म्हणता आले नाही. स्वातीताई अंगणात सुके मासे उलटत होत्या. त्यांना सही येते, वाचता येत नाही. त्यांनी मलाच कागद वाचून दाखवायला सांगितले. मी वाचला. वाचताना मला मनापासून लाज वाटली, हे मी आपणास नमूद करू इच्छिते. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बाई, भाव बहिनीला शिकवतो, त्यान वाईट काय हाय? मना वाचता येत न्हाय, म्हनून इचारते." मी त्यांना संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगितले. तुलना गट म्हणजे काय, तेही सांगितले. त्यांनी ओल्या हाताने सही केली, कारण मी मुलांची बाई होते आणि बाई घरी आल्या होत्या. दोन्ही मुले दारात उभी राहून ऐकत होती. मी निघताना स्वातीताई दिव्याला म्हणत होत्या, "शालंन वाचू नको गं, बाई रागावतील."

डिसेंबरमध्ये एके दिवशी शाळेची टाकी धुवायची होती. मी पालकांसाठी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिले की, उद्या शाळेत पाणी नाही, मुलांनी घरून पाणी आणावे. वर्गात सांगायचे माझ्या डोक्यातून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात एकटी दिव्या दोन बाटल्या घेऊन आली. एक स्वतःसाठी, एक शेजारच्या मुलीसाठी. तुला कोणी सांगितले, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "आयनं." आईला वाचता येत नाही, आणि दिपेश तापाने घरी होता. म्हणजे फळा हिनेच वाचला होता. महोदय, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी त्या बाटलीतले घोटभर पाणी मागून प्यायले. पण शाबासकी देता आली नाही. दिली असती तर तिला कळले असते की मला कळले आहे, आणि गळती नोंदवणे मला भाग पडले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी सहन करीत आले आहे, पण तोंड दाबून आनंद हा प्रकार मी प्रथमच केला.

जानेवारीअखेर विद्यापीठाची मध्यावधी वाचन चाचणी झाली. नेहाताई एकेका मुलाला खुर्चीवर बसवून कार्ड दाखवत होत्या. नियमानुसार मी खोलीत, पण मागच्या भिंतीशी उभी होते. दिव्याची पाळी आली. कार्डावर लिहिले होते, 'आई बाजारात गेली.' दिव्याने कार्डाकडे पाहिले. तिचे ओठ हलले, मी स्वतः पाहिले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मना येत न्हाय." नेहाताईंनी दुसरे कार्ड दाखवले, नुसते शब्दांचे. "येत न्हाय." मग नुसत्या अक्षरांचे. तिने क लासुद्धा येत नाही म्हटले. नेहाताईंनी शून्य मांडले, "थँक्यू बेटा" म्हणून तिच्या हातावर चॉकलेट ठेवले आणि पुढच्या मुलाला बोलावले. मी भिंतीशीच उभी राहिले. बोलायला हवे होते, हे मला तेव्हाही कळत होते. दिव्या जागेवर जाताना माझ्याजवळून गेली आणि खाली मान घालून थोडीशी हसली, मोठ्या माणसाचे सांगितलेले काम नीट पार पडले की मुले हसतात तशी.

चाचणीचा निकाल उत्तम लागला. अ आणि ब यांमधला फरक अपेक्षेपेक्षाही मोठा निघाला. त्यानंतर चालू महिन्यात आपल्या कक्षाच्या सभागृहात कार्यक्रम झाला आणि 'तुलना गटाची शुद्धता राखण्यात दिलेल्या मोलाच्या योगदानाबद्दल' मला प्रशस्तिपत्र व गुलाबपुष्प देण्यात आले. आपण माझ्याशी हस्तांदोलन केले आणि अशा शिक्षिकांची गरज आहे, असे म्हणालात. आपणास आठवत नसेल, त्या दिवशी बरेच सत्कार होते. मीही हसून फोटो काढून घेतला. लोकेश, म्हणजे माझे यजमान, यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि रत्नागिरीहून सर्वांचे अभिनंदन आले. माझ्या वर्गातली मुले वाचत नाहीत, याबद्दलचे ते अभिनंदन आहे, हे मला कोणाला सांगता आले नाही.

मला जी भीती वाटते ती अशी. दिव्याने आता वाचणे पूर्णपणे सोडले आहे. पूर्वी ती शाळेत लपवत होती, घरी वाचत होती. मागच्या आठवड्यात स्वातीताई फाटकापाशी भेटल्या. त्यांनी सांगितले की, दिपेश दुकानाची पाटी वाचून तिला विचारतो, तर ती घरीही 'येत न्हाय' म्हणते आणि चिडून आत निघून जाते. दिपेशनेही आता ओटल्यावरची शाळा मोडली आहे. मी वर्गात तिच्या समोर मुद्दाम चित्रांचे पुस्तक उघडे ठेवून पाहिले. तिने ते मिटून, नीट सरळ करून, माझ्या टेबलावर परत आणून ठेवले. मला दाखवण्यासाठी ती वाचता येत नसल्याचे सोंग करते की वाचन खरोखरच तिच्या हातातून निसटत चालले आहे, हे मला आता ओळखता येत नाही. सोंगाचे खरे व्हायला या वयात फार दिवस लागत नाहीत. आठ वर्षांच्या मुलीला एवढेच उमगले आहे की, वाचले तर बाई अडचणीत येतात, आईने सही केलेली आहे आणि भावाचा वर्ग बिघडतो. न वाचणे हाच तिला शहाणपणा वाटतो. हे तिला मी शिकवले आहे. वर्षभरात माझ्याकडून ती एवढीच गोष्ट शिकली आहे.

अभ्यास संपल्यावर नवी पद्धत ब तुकडीलाही मिळेल, असे करारात आहे. मात्र ती पद्धत तिसरीपुरती आहे आणि ही मुले जूनमध्ये चौथीत जातील. याबाबत मी विद्यापीठाला फोन केला. तिथल्या मोठ्या सरांनी माझे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि हा मुद्दा महत्त्वाचा असून तो निबंधाच्या शेवटी 'मर्यादा' या मथळ्याखाली अवश्य नोंदवला जाईल, असे आश्वासन दिले. त्यांनी माझे आभारही मानले.

तरी आपणास विनंती की, परिशिष्ट 'क' दुरुस्त करून मला माझा वर्ग शिकवण्याची परवानगी द्यावी. ते शक्य नसल्यास आठवड्यातून एक तास द्यावा, मी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबेन. तेही नियमात बसत नसल्यास माझी पुन्हा मतदार यादीच्या कामावर नेमणूक करावी. म्हणजे नेहमीची पद्धत काटेकोरपणे पाळली जाईल, कांताबाई वर्गावर बसतील, आणि मला ती मुले खाडीकडे तोंड करून बसलेली पाहावी लागणार नाहीत. ही विनंती मी चिडून करीत नाही. मला खरोखरच दुसरे काही सुचत नाही. किंवा फक्त दिव्याचे नाव तुलना गटातून कमी करावे. एका मुलीने सरासरी फारशी हलणार नाही, असे नेहाताईंनीच मला खासगीत सांगितले आहे.

यांपैकी काहीच होण्यासारखे नसेल, आणि तसेच असेल असे मला वाटते, तर एवढे तरी व्हावे. या अर्जाचे उत्तर मला पाठवू नये. ते कु. दिव्या लवू गावंड हिच्या नावाने पाठवावे. टंकलिखित नको, हाताने, मोठ्या अक्षरात लिहावे. जोडाक्षरे टाळावीत. तिच्या नावातले एक तिला येते, तेवढे चालेल. मजकूर इतकाच असावा : 'दिव्या, तू वाच. कोणी रागावणार नाही.' खाली आपली सही आणि कार्यालयाचा गोल शिक्का असावा, कारण सही-शिक्का असलेल्या कागदाला आमच्या घरांमध्ये फार मान आहे. हे मी तिला तोंडी सांगून पाहिले. तिने नम्रपणे मान हलवली आणि पुस्तक उघडले नाही. माझ्यावर तिने विश्वास तरी का ठेवावा?

पत्र आले की मी ते तिच्या हातात देईन आणि वर्गाबाहेर जाऊन उभी राहीन. ते तिला कोणीही वाचून दाखवणार नाही, एवढी हमी मी या अर्जाद्वारे लिहून देते.

आपली, अद्यापपर्यंत आज्ञाधारक,

(सही)
संघप्रिया लोकेश गमरे
सहशिक्षिका, इयत्ता तिसरी ब
खाजणपाडा प्राथमिक मराठी शाळा, मुर्धा

दिनांक : २४ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, चौकटीसह परत.
२) पोस्टाचे तिकीट लावलेले एक पाकीट. त्यावर कु. दिव्या गावंड हिचे नाव व शाळेचा पत्ता लिहिलेला आहे.